शिपटीच्या पलीकडची आई

मुलांना वळण कसे लावावे, हा विषय निघाला की आपल्या किलवणी परिसरातील जुन्या मराठी घरांत अजूनही एकच ग्रंथ साक्षीला बोलावला जातो, तो म्हणजे ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत तो लिहिला. १९३५ साली तो प्रसिद्ध झाला. आचार्य अत्र्यांच्या चित्रपटाला १९५४ साली राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. आपली भूमी मुक्त झाली तेही त्याच वर्षी, २ ऑगस्टला; त्यामुळे वडीलधाऱ्यांच्या मनात या दोन आठवणी शेजारीशेजारी नांदतात.

परंतु हा ग्रंथ उद्धृत होतो तो बहुधा एका प्रसंगापुरता. श्याम विहिरीत पोहायला जाण्यास घाबरून लपतो आणि आई शिपटी घेऊन त्याला बाहेर काढते. ‘पाहा, मारल्यावाचून मुले सुधारत नाहीत,’ असा निष्कर्ष काढून आजोबा मोकळे होतात. हे वाचन आम्हांस अपुरे वाटते. त्या प्रसंगाचे मर्म माराच्या नंतर आहे. आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणू नये म्हणून हे केले, असे ती माउली श्यामला जवळ घेऊन सांगते. म्हणजे मुलाला कारण कळण्याचा अधिकार आहे, हे ती मानते. बेचाळीस रात्रींच्या त्या कथनात समजावणेच अधिक आहे; शिपटी फार थोडी आहे.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डायना बाउमरिंड यांनी १९६० च्या दशकात पालकांचे जे प्रकार सांगितले, त्यांत केवळ हुकूम चालवणारे आणि शिस्तीबरोबर जिव्हाळा व कारणमीमांसा देणारे असे दोन वर्ग वेगळे काढले होते. तिसरा वर्ग सर्व काही चालू देणाऱ्यांचा. दुसऱ्या वर्गातील मुले अधिक स्वावलंबी व संयमी आढळली. श्यामची आई या दुसऱ्या वर्गात बसते. तिचा दाखला देणारे आपण मात्र पुष्कळदा पहिल्या वर्गात मोडतो. (आणि आपली मुले, नातवंडांच्या हाती मोबाइल देऊन, तिसऱ्या.)

या वादात आपल्या अगदी शेजारचा आवाज आपण विसरतो. ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केले, १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले आणि १९५७ साली ते डहाणू तालुक्यातील कोसबाडला नेले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी. पाड्यावरचे मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात जाईल. ते गुरे राखत असेल तर कुरणात जाईल, ही त्यांची रीत. मुलाला भीती घालणे त्यांना मुळातच अमान्य होते. गिजुभाई गुजरातीत लिहीत आणि ताराबाई मराठीत. दोन्ही भाषा कानांवर पडत वाढलेल्या आपल्या घरांना याहून सोयीचे गुरू कोणते? तरीही आमच्या पाहण्यातील कपाटांत ‘श्यामची आई’ सापडते, ताराबाई क्वचितच.

गुरुजींच्या ग्रंथाला एक मर्यादाही आहे, आणि भक्तिभावामुळे ती कोणी बोलून दाखवत नाही. अखेरच्या क्षणी आईजवळ पोहोचू न शकलेल्या मुलाने हे सारे प्रौढपणी लिहिले आहे. त्या शोकात प्रत्येक शासन प्रसाद होऊन जाते. विहिरीच्या काठी थरथरणारा मुलगा त्या क्षणी काय म्हणाला असता, हे प्रौढ श्याम पूर्णपणे सांगू शकत नाही. शिवाय त्याच घरात, त्याच आईच्या हाताखाली इतर भावंडेही वाढली. साने गुरुजी एकच झाले. ज्युडिथ हॅरिस यांनी १९९८ मध्ये असे प्रतिपादिले की, मुलांच्या घडणीत सवंगड्यांचा वाटा पालकांपेक्षा मोठा असतो. ते मत वादग्रस्त असले तरी, घरी मराठी आणि अंगणात गुजराती-हिंदी बोलणारी आपली नातवंडे पाहता ते सहज झिडकारताही येत नाही. शिपटीने ती मराठी बोलू लागतील असे मानणाऱ्यांनी, निदान तो प्रसंग शेवटच्या ओळीपर्यंत त्यांना मोठ्याने वाचून दाखवावा.