श्रद्धा चित्रात नेमकी कुठे शोधायची?

‘कलावंताच्या श्रद्धेमुळे त्याची कला अशी घडली’ हे वाक्य आपण किती सहज लिहून टाकतो! पीएच.डी.च्या प्रस्तावात हेच लिहिलं तर गाईड पहिला प्रश्न विचारतील, श्रद्धा नसती तर काय वेगळं दिसलं असतं? म्हणजेच, कंट्रोल कुठाय? एका चित्रकाराचं उदाहरण घेऊन बघू.

अँजेलो दा फोन्सेका. जन्म १९०२, गोव्यातलं सांत इस्तेव. मुंबईत सुरू केलेलं डॉक्टरकीचं शिक्षण सोडून ते चित्रकलेकडे वळले. आधी जे. जे., मग बंगालमध्ये अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकले. गोव्यात परतल्यावर त्यांची साडीतली मारिया अनेक धर्मबंधूंना रुचली नाही. ते पुण्याला आले. शिवाजीनगरचा ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम हेच या तरुण चित्रकाराचं घर आणि स्टुडिओ झाला. १९६७ मध्ये ते पुण्यातच वारले.

यावर नेहमीचं स्पष्टीकरण असं: श्रद्धावान कॅथलिक, म्हणून मारिया, भारतीय, म्हणून साडी. झालं!

आता कंट्रोल म्हणून जामिनी रॉय घ्या. ते ख्रिस्ती नव्हते, तरी त्यांनी येशू पुन्हा पुन्हा रंगवला, तोही बंगाली लोककलेच्या वळणाने. म्हणजे ख्रिस्ती विषय आणि देशी रूप या दोन्ही गोष्टी श्रद्धेशिवायही येऊ शकतात. तेव्हाची स्वदेशी कलेची हवा त्याला पुरेशी होती. आपला पहिला पुरावा इथेच बाद होतो.

मग फरक कुठे आहे? रॉय यांच्याकडे येशू हा अनेक विषयांपैकी एक. संथाळ स्त्रिया, कृष्ण, मांजरं, सगळंच तिथे आहे. फोन्सेका मात्र ख्रिस्ती विषयांकडे अनेक दशकं परतत राहिले. विरोध झाल्यावर त्यांच्यापुढे दोन सोपे रस्ते होते: युरोपीय वळणाची मारिया काढायची, किंवा विषयच बदलायचा. नुसती मान्यता हवी असती तर शैली बदलता आली असती. नुसती शैली जपायची असती तर विषय. त्यांनी दोन्ही धरून ठेवलं. मला श्रद्धेची खूण दिसते ती या अडून राहण्यात.

अर्थात हाही अंदाजच. अशा चित्रांना नियमित गिऱ्हाईक होतं असं कागदपत्रांतून निघालं, तर पर्यायी स्पष्टीकरण उभं राहतं आणि माझा मुद्दा ढिला पडतो. कुठल्या पुराव्याने आपलं म्हणणं पडेल, हे आधीच सांगता आलं पाहिजे.

आणखी एक. श्रद्धा खरी म्हणून चित्र चांगलं, असं होत नाही. फोन्सेकांच्या जलरंगातल्या मऊ कडा आणि मिटल्यासारखे डोळे आई-बाळाच्या चित्रात फार सुंदर उतरतात. पण बरीच चित्रं ओळीने पाहिली की ती शांतता एकसारखी वाटायला लागते, माणसाची घालमेल चौकटीबाहेरच राहते. श्रद्धेने त्यांना टिकून राहायचं बळ दिलं, पण धोका पत्करण्याची गरजही थोडी कमी केली, असं माझं मत.

पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आहे. गोव्याला गेलात तर नक्की बघा, आणि माझं मत तिथे तपासून पाहा.