पावसात थांबलेला माणूस

रॉन हॉवर्डच्या 'रश' (२०१३) या चित्रपटाबद्दल बोलणारे बहुतेक जण जेम्स हंट आणि निकी लाउडा यांच्या वैराबद्दल बोलतात. चित्रपटालाही तेच हवं आहे. प्रत्यक्षात हे दोघे मित्र होते. पटकथाकार पीटर मॉर्गनने त्यांना दोन टोकांना उभं केलं. नाटकाला वैर लागतं, त्याबद्दल तक्रार नाही. माझी तक्रार पावसाबद्दल आहे.

चित्रपटातला सर्वांत चांगला प्रसंग शर्यतीचा नाहीच. इटलीतल्या एका गावाकडच्या रस्त्यावर लाउडा साधी मोटार अगदी सावकाश चालवतोय. शेजारी बसलेल्या मार्लेनला वेग हवा आहे. त्याचा हिशेब सरळ आहे: पैसे नाहीत, बक्षीस नाही, मग धोका कशाला? डॅनिएल ब्रूल हे इतक्या कोरडेपणाने बोलतो की हसू येतं आणि माणूसही कळतो.

हा हिशेब हौशी चालकांना लावून पाहावा. कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेसारख्या सर्किटवर पदरचे पैसे भरून एकआसनी गाडी पळवणाऱ्याला बक्षीस नसतं. शेजारी कुणी बसलेलंही नसतं. मांडीपासून वीतभर खाली रस्ता आणि डोळ्यांसमोर उघडी चाकं. तिथे आधी शिकायचं असतं ते ब्रेक कुठे दाबायचा हे, आणि झेंड्यांचे अर्थ. पिवळा म्हणजे पुढे धोका आहे, वेग कमी करा. लाल म्हणजे थांबलं सगळं, पिटमध्ये परत या. परत येणं हा त्या खेळाचाच भाग आहे.

'रश'ला हे कळतं, पण पचत नाही. १ ऑगस्ट १९७६ रोजी नुरबर्गरिंगला लाउडा गाडीत भाजला, सहा आठवड्यांत मोंझाला परतून चौथा आला. ऑक्टोबरात फुजीला मुसळधार पाऊस. अजिंक्यपद समोर असताना दोन फेऱ्यांनंतर तो आपणहून थांबला. एमर्सन फिट्टिपाल्डीसह आणखी काही चालकही थांबले. चित्रपट पाहताना मात्र लाउडा एकटाच थांबल्यासारखा वाटतो. हंट तिसरा आला आणि एका गुणाने विजेता ठरला. लाउडाच्या निर्णयाचं कारण चित्रपट मार्लेनच्या चेहऱ्यात शोधतो आणि लगेच हंटच्या गाडीमागे धावतो. अँथनी डॉड मँटलचा कॅमेरा पावसाचे थेंब, फवारे, धुरकट काच असं काही टिपतो की थांबलेला माणूस विसरायलाच होतो.

मी तळीयेत राहतो. २२ जुलै २०२१ रोजी पावसात इथे दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याआधी २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल पुरात वाहून गेला; दोन एसटी गाड्या प्रवाशांसकट नदीत गेल्या. त्या ड्रायव्हरांना कुणी झेंडा दाखवला नव्हता. पुढे रस्ता आहे असं धरूनच ते ड्युटीवर निघाले होते. त्यामुळे पाऊस पडद्यावर शौर्याची पार्श्वभूमी होऊन येतो तेव्हा मला तो तसा पाहता येत नाही.

वेगाची हौस वाईट, असं मला म्हणायचं नाही. पैसे भरून, हेल्मेट चढवून, पट्टे आवळून स्वतःहून पत्करलेल्या धोक्यात खरा आनंद असणार. पण तो धोका नाकारताही येतो, हीच त्यातली चैन आहे. लाउडाने ती वापरली. अजिंक्यपद हातचं जात असताना, जग बघत असताना वापरली. ब्रूलच्या अभिनयात हे सगळं आहे: थांबल्यावरही त्याच्या चेहऱ्यावर क्षमायाचना नाही. दिग्दर्शकाने त्या चेहऱ्यावर आणखी मिनिटभर विश्वास ठेवायला हवा होता. 'रश' चांगला चित्रपट आहे. त्या एका मिनिटाने तो मोठा झाला असता.