ओढूनताणून लावलेला अर्थ : हलिवनी यांची तालमूदचिकित्सा

धर्मग्रंथाचे परंपरेने अध्यापन करणारा आचार्य आणि त्याच ग्रंथाची ऐतिहासिक चिकित्सा करणारा विद्यापीठीय पंडित यांना एकत्र आणावे, हा विचार यहुदी समाजात गेली दोनशे वर्षे मांडला जात आहे. त्याचा इतिहास बहुतांशी भांडणांचाच आहे. ब्रेस्लाऊ येथे १८५४ मध्ये चिकित्सक पद्धतीने रब्बी घडविणारे विद्यालय निघाले. पण त्याचे प्रमुख झकारियास फ्रांकेल यांचा मिश्नाविषयक ग्रंथ १८५९ साली प्रसिद्ध होताच साम्सन राफाएल हिर्श यांच्या नियतकालिकातून त्यावर कठोर हल्ला झाला. लंडनमध्ये १९६१ साली लुई जेकब्स यांची ज्यूज कॉलेजच्या प्राचार्यपदावरील नियुक्ती मुख्य रब्बींनी रोखून धरली. तोराच्या घडणीत मानवी हाताचा वाटा आहे, असे जेकब्स यांनी लिहिले होते. या प्रकरणांत दोन पक्ष निदान वेगवेगळ्या व्यक्तींत विभागलेले होते. डेव्हिड वाइस हलिवनी (१९२७–२०२२) यांच्या ठायी ते एकाच देहात नांदत होते, म्हणून त्यांचा विचार येथे करीत आहोत. आमचा आधार प्रामुख्याने त्यांचे इंग्रजी ग्रंथ हा आहे.

सिगेत या गावी वाढलेल्या हलिवनींना वयाच्या पंधराव्या वर्षी रब्बीपदाची दीक्षा मिळाली. १९४४ मध्ये त्यांची आउशवित्झला रवानगी झाली आणि कुटुंबातून ते एकटेच वाचले. छावणीत एका पहारेकऱ्याच्या खाद्यपदार्थास गुंडाळलेला कागद धर्मशास्त्रग्रंथाचे पान असल्याचे त्यांनी ओळखले व ते रडून मागून घेतले, हा प्रसंग त्यांनी १९९६ च्या आत्मवृत्तात सांगितला आहे. युद्धानंतर ते अमेरिकेत गेले आणि न्यूयॉर्कच्या ज्यूइश थिऑलॉजिकल सेमिनरीत शाऊल लिबरमान यांचे शिष्य झाले.

त्यांचे मुख्य कार्य म्हणजे १९६८ पासून खंडशः निघालेले ‘मेकोरोत उ-मेसोरोत’, अर्थात ‘मूलस्रोत आणि परंपरा’, हे तालमूदवरील भाष्य. त्याचे बीज येशिवातील प्रत्येक विद्यार्थ्यास छळणाऱ्या एका अडचणीत आहे. इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नातील एखादे वचन दुसऱ्या वचनाशी विसंगत दिसले, की तालमूद ते एखाद्या दुर्मीळ परिस्थितीपुरते मर्यादित करतो, किंवा वचनात काही शब्द गळाले आहेत असे सरळ सांगतो. असा ओढूनताणून लावलेला अर्थ का स्वीकारावा? मध्ययुगीन टीकाकारांनाही ही ओढाताण जाणवली होती; ते दुसरी उपपत्ती शोधून तिची सोडवणूक करीत. हलिवनींनी तिलाच पुरावा मानले. त्यांच्या मते जेथे अर्थ ताणला गेला आहे, तेथे मूळ वचन संक्रमणात बदललेले असते आणि नंतरच्या पंडितांसमोर त्याचे विकृत रूपच असते. तोसेफ्ता, यरुशलेमचा तालमूद व हस्तलिखिते यांच्या साहाय्याने ते मूळ पाठापर्यंत जाण्याचा प्रयत्न करतात. तालमूदमधील अनामिक चर्चेचा थर नामनिर्दिष्ट आचार्यांच्या मागाहून आलेल्या संपादकांचा आहे, ही त्यांची दुसरी उपपत्ती. हे संपादक त्यांनी उत्तरोत्तर अलीकडे आणले व अखेरीस सहाव्या शतकाच्या मध्यापासून आठव्या शतकापर्यंत त्यांचा काळ नेला. पाठ आणि अट्ठकथा यांतील अंतर ज्याने स्वतः अनुभवले आहे, त्या वाचकास या विवेचनाचे मोल वेगळे सांगावयास नको.

तथापि आमचा एक मूलभूत आक्षेप आहे. मूळ वचन सरळ व सुसंगतच असले पाहिजे आणि ओढाताण उत्तरकालीनच असली पाहिजे, हे गृहीत कशाच्या बळावर? प्राचीन आचार्यही एकमेकांची वचने ताणीत असतील. जेथे समांतर पाठ उपलब्ध आहेत तेथे हलिवनींचे निष्कर्ष भक्कम वाटतात. जेथे ते नाहीत तेथे केवळ तर्काची सुरेखता उरते. १९९७ च्या ‘रेव्हेलेशन रिस्टोअर्ड’मध्ये हीच चौकट तोरास लावलेली दिसते: मूळ प्रकटीकरण निर्दोष, इस्राएलच्या मूर्तिपूजेच्या काळात त्याची हेळसांड, आणि एज्राकडून उरलेल्या पाठाची विसंगतींसह जुळवणी. येथे पाठचिकित्सेचा मार्ग संपतो आणि श्रद्धेची गरज निष्कर्ष ठरवू लागते. तालमूदच्या बाबतीत चौकट पुराव्यातून आली होती. येथे पुरावाच चौकटीत बसविला आहे.

पण खरी कसोटी ग्रंथात लागली नाही. ऑक्टोबर १९८३ मध्ये सेमिनरीच्या अध्यापकवर्गाने रब्बीपदाच्या शिक्षणासाठी स्त्रियांना प्रवेश देण्याचा निर्णय मताधिक्याने घेतला, आणि हलिवनींनी संस्था सोडली. सहकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपली व्यथा मांडली: ज्यांच्यासह आपण प्रार्थना करतो त्यांच्याशी आपणास बोलता येत नाही, आणि ज्यांच्याशी बोलता येते त्यांच्यासह प्रार्थना करता येत नाही, मात्र निवडच करावी लागली, तर आपण प्रार्थना करणाऱ्यांच्या बाजूने उभे राहू.

या पत्राचा प्रामाणिकपणा निर्विवाद आहे. ते सुसंगतही आहे, कारण अभ्यासात सत्य शोधावे व आचरणात परंपरा पाळावी, हे विभाजन हलिवनींनी कधी लपविले नाही. परंतु हे विभाजन मान्य केले, तर चिकित्सेला समाजाच्या जीवनात काहीच काम उरत नाही. रूढ अर्थ मूळ अर्थ नव्हे, हे शेकडो स्थळी दाखविणारा पंडित जिवंत माणसांच्या अधिकाराचा प्रश्न येताच रूढीच्या उंबरठ्यावर थांबला. पंडितांच्या सभेत पाठभेद स्वीकारण्यास धैर्य फारसे लागत नाही. सेमिनरीने १९८५ मध्ये एमी आयलबर्ग यांना रब्बीपद दिले. हलिवनींशिवाय ते घडले, याची आम्हास खंत वाटते. त्यांच्या विद्वत्तेचा आधार त्या निर्णयाला मिळाला असता, तर तो अधिक खोल रुजला असता.

पुढे ते कोलंबिया विद्यापीठात अध्यापक झाले, २००५ मध्ये इस्रायलला गेले आणि २००८ साली त्यांना इस्रायल पुरस्कार मिळाला. त्यांच्या विस्तृत प्रस्तावनांचा जेफ्री रुबेनस्टाइन यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. आमच्या वाचकांनी आरंभ तेथून करावा. आत्मवृत्त मागाहून वाचले तरी चालेल.