तारेच्या वेढ्यांत मोजलेली घनता

वयाच्या २२व्या वर्षी, १५८६ मध्ये, गॅलिलिओने ‘ला बिलांचेत्ता’ म्हणजे ‘छोटा तराजू’ हा मोजक्या पानांचा निबंध लिहिला. प्रश्न जुनाच होता: सोन्याच्या मुकुटात चांदीचं हीण किती? काठोकाठ भरलेल्या भांड्यातून सांडलेलं पाणी आर्किमिडीजने मोजलं, ही लोकप्रिय कथा त्याला पटत नाही. ती पद्धत त्याला आर्किमिडीजच्या बुद्धीच्या मानाने फार ढोबळ वाटते. अविश्वासामागचा हा आदर मोठा लोभस आहे.

घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान. पण नक्षीदार मुकुटाचं आकारमान काढायचं कसं? गॅलिलिओ ते काढतच नाही. तराजूच्या एका टोकाला धातू, दुसऱ्या टोकाला त्याच्याइतकंच वजन. धातू पाण्यात बुडाला की त्याने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतका हलका होतो, आणि तोल साधायला समोरचं वजन मध्याकडे सरकवावं लागतं. दांडीची ती बाजू या सरकलेल्या अंतराच्या जितकी पट, तितका धातू पाण्याहून जड: सोनं १९.३ पट, चांदी १०.५ पट. भागाकार दांडीच करते, किती देखणी ही काटकसर!

शुद्ध सोन्याची आणि शुद्ध चांदीची खूण करून ठेवली, की भेसळीची खूण त्यांच्या मधेच पडते. इथे तो हलकेच सावध करतो: चांदीच्या खुणेपर्यंतचं अंतर सोन्याचं प्रमाण सांगतं आणि सोन्याच्या खुणेपर्यंतचं चांदीचं. वाचकाचा पाय नेमका जिथे घसरेल, तिथेच हात पुढे करणारा हा शिक्षक आहे.

दांडी किमान दोन ‘ब्राच्चा’ लांब हवी, असं तो सांगतो. तेव्हाच्या फ्लॉरेन्सच्या मापाने तिची एक बाजू सुमारे ५८ सेंटीमीटर होते. सोन्याची खूण टोकापासून तीन सेंटीमीटरवर, चांदीची साडेपाचवर. म्हणजे सगळा निवाडा अडीच सेंटीमीटरांत! म्हणून खुणांवर पोलादाच्या अतिबारीक तारेचा एकेक वेढा, आणि मधल्या जागेत पितळी तारेचे वेढे अगदी खेटून. डोळ्यांना ते मोजवत नाहीत. मग अणकुचीदार टोक तारेवरून सावकाश ओढायचं. प्रत्येक वेढ्याला कानाला टिकटिक, हाताला अडखळ. धातूचा कस बोटांनी वाचण्याची ही युक्ती निव्वळ अप्रतिम आहे.

हा निबंध त्याच्या हयातीत छापला गेला नाही; तो १६४४ मध्ये, मृत्यूनंतर दोन वर्षांनी प्रसिद्ध झाला. घनतेचं सूत्र पाठ असलेल्या प्रत्येकाने तो एकदा वाचावाच.