ढोल आणि मौन : चिनी प्रतिकारकाव्याचा निकष

१९३७ साली जपानने चीनवर सर्वंकष आक्रमण केले, तेव्हा संकटकाळी कवितेने काय करावे हा प्रश्न चिनी नवकाव्यापुढे निकडीने उभा राहिला. त्याचे ठाम उत्तर कवी व संशोधक वेन यिदुओ यांनी १९४३ साली कुनमिंग येथे दिले. त्येन ज्येन या तरुण कवीला त्यांनी युगाचा ढोलवादक म्हणून गौरविले. काळाला तंतुवाद्याचे सूर नकोत, ढोलाचा आघात हवा, असा त्यांचा अभिप्राय होता. हेच समीक्षक १९२६ साली रेखीव काव्यबंधाचे कट्टर पुरस्कर्ते होते, हे ध्यानी घेतले म्हणजे या मतपरिवर्तनाचे मोल कळते.

त्येन ज्येन यांना ही उपमा शोभते. ऑगस्ट १९३८ मध्ये येनान येथे सुरू झालेल्या 'रस्त्यावरील कविते'च्या चळवळीत ते अग्रभागी होते. भिंतींवर लिहिलेली ही कविता जाता जाता वाचली जावयाची होती. तेथे दोन-तीन शब्दांची ओळ हा दोष नसून गरज होय. तिला ग्रंथातील पानाचा निकष लावणे अन्यायाचे ठरेल.

परंतु ढोल हाच एकमेव निकष मानला, तर वेन यांच्याच नैऋत्य संयुक्त विद्यापीठातील इतर कवींचे काय? फेंग झी यांनी १९४१ साली रचिलेल्या सत्तावीस सुनीतांत रणघोष नाही. जीवन आणि मरण समजून घेण्याची शांत साधना आहे. मू दान यांच्या डिसेंबर १९४१ मधील 'स्तुती' या कवितेत रस्त्यावर भाषणे व जल्लोष चालू असताना शेतकरी मात्र अबोलपणे कुदळ खाली ठेवितो आणि लोकांबरोबर निघून जातो. मागे वाट पाहणारी वृद्धा आणि उपाशी मुले उरतात. कवी त्याला मखरात बसवीत नाही. त्याच्या दुःखावर सांत्वन नाही हे मान्य करून मगच राष्ट्राच्या उत्थानाचा उच्चार करितो. त्या उत्थानाची किंमत कोण मोजतो, हे ढोलातून कळत नाही; या मौनातून कळते.

१५ जुलै १९४६ रोजी वेन यिदुओ कुनमिंगमध्ये मारेकऱ्यांच्या गोळ्यांना बळी पडले. त्यामुळे त्यांच्या काव्यविचाराची चिकित्सा करताना संकोच वाटतो. पण हौतात्म्य हे निष्ठेचे प्रमाण होय, वाङ्मयीन सिद्धान्ताचे नव्हे. शिवाय त्यांनीच सिद्ध केलेल्या आधुनिक कवितांच्या संकलनात मू दान यांच्या कविता समाविष्ट आहेत. निबंधात ढोलाचा कैवार घेणाऱ्या या रसिकाने निवड करताना मौनालाही जागा दिली. त्यांच्या निबंधापेक्षा ही निवड अधिक व्यापक आहे. अभ्यासकाने तीच प्रमाण मानावी.