एकाच भूमीच्या दोन कथा

१९४८ च्या युद्धाला इस्रायली माणूस ‘स्वातंत्र्ययुद्ध’ म्हणतो. पॅलेस्टिनी अरब त्यालाच ‘नकबा’, म्हणजे महासंकट, म्हणतो. एका घटनेला जिथे अशी दोन नावे आहेत, तिथल्या लेखकाकडून वाचकाने काय अपेक्षावे? या संदर्भात मला दोन कृती मोलाच्या वाटतात. एस. यिझहार यांची हिब्रू दीर्घकथा ‘खिर्बेत खिझे’ (१९४९) आणि घस्सान कनफानी यांची अरबी लघुकादंबरी ‘हैफाला परतताना’ (१९६९). दोन्ही मी इंग्रजी अनुवादातून वाचल्या.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी संयुक्त राष्ट्रांनी पॅलेस्टाइनच्या फाळणीचा ठराव केला. अरबांनी तो नाकारला आणि यादवी पेटली. १४ मे १९४८ रोजी इस्रायलची घोषणा होताच शेजारची अरब राष्ट्रे युद्धात उतरली. युद्ध संपेपर्यंत सुमारे सात लाख पॅलेस्टिनी बेघर झाले होते. १९६७ च्या सहा दिवसांच्या युद्धात इस्रायलने पश्चिम किनारा, पूर्व जेरुसलेम, गाझा, गोलान आणि सिनाई घेतले. सिनाई १९८२ पर्यंत इजिप्तला परत मिळाले. बाकीचा तंटा मिटला नाही.

यिझहार स्वतः त्या युद्धात होते. त्यांच्या कथेतल्या सैनिकांना हुकूम असतो: गाव रिकामे करा, माणसे ट्रकमध्ये भरा, घरे उडवा. मोठी लढाई नाही. आहेत ती म्हातारी माणसे, बाया, पोरे, आणि कंटाळून विनोद करणारे सैनिक. निवेदकाला आपल्याच समाजाचा शतकानुशतकांचा वनवास आठवतो. पण ट्रक थांबत नाहीत. कथेचे बळ या विसंगतीत आहे. उणीव अशी, की गावकरी फारसे बोलत नाहीत. निवेदकाच्या सदसद्विवेकाची परीक्षा घेण्यापुरतेच ते उरतात.

कनफानींची गोष्ट उलट बाजूने येते. एप्रिल १९४८ मध्ये हैफा सोडताना सईद आणि सफिया यांचे पाच महिन्यांचे मूल मागे राहते. १९६७ नंतर वाट मोकळी होते आणि दोघे आपले जुने घर पाहायला जातात. तिथे पोलंडहून आलेली मिरियम राहते. तिचे वडील ऑशविट्झमध्ये गेलेले. मुलाला तिनेच वाढवले; तो आता डोव्ह नावाचा इस्रायली सैनिक आहे. फुलदाणीत पूर्वी मोरपिसे सात होती, आता पाच आहेत. हरवलेले घर या एका मोजणीत जितके कळते, तितके पानभर विलापात कळले नसते.

कनफानी निर्वासित होते, एका लढाऊ संघटनेचे प्रवक्ते होते, आणि १९७२ मध्ये बैरूतला मोटारीतल्या बॉम्बने मारले गेले. तरीही अरब मुलाच्या मृतदेहाची विटंबना पाहून हादरणारी मिरियम त्यांनी रंगवली, हे मला फार मोठे वाटते. पण डोव्ह आला की कथेची वादसभा होते. धाकट्या मुलाने बंदूक घ्यावी, या सईदच्या अखेरच्या इच्छेत कथाकार मागे सरतो आणि प्रवक्ता पुढे येतो.

माझ्या मते यिझहारांनी स्वतःच्या बाजूला अधिक निर्दयपणे तपासले, तर कनफानींनी दुसऱ्या बाजूला अधिक माणूसपण दिले. दोन्ही गुण एका कृतीत सापडत नाहीत, हेच त्या भूमीचे दुःख.

याची किंमत आजही मोजली जाते. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे १,२०० माणसे मारली गेली. नंतरच्या युद्धात गाझातील बळी तिथल्या आरोग्य खात्याच्या मोजणीप्रमाणे साठ हजारांवर गेले.

शिक्षक म्हणून मला एका गोष्टीचे कौतुक वाटते: ‘खिर्बेत खिझे’ इस्रायलच्या हायस्कुलांतून शिकवली गेली. १९७८ मध्ये तिच्यावरील चित्रपटावरून तिथे वादळ उठले, तरी कथा पुसली गेली नाही.

आपल्या सीमावादाची त्या रक्तपाताशी तुलना करणे गैर ठरेल. १९५६ मध्ये आपले राज्य बदलले, घर सुटले नाही. मात्र शेजाऱ्याची भाषा आपल्याला येते. त्याच्या कथेत आपण कसे दिसतो, हे अनुवादाची वाट न पाहता वाचण्याची सोय आपल्या उंबरठ्यावर आहे. ती आपण किती वापरतो, हे ज्याने त्याने आपल्या पुस्तकांच्या कपाटाला विचारावे.