चवळी उगवली, पण मुळाचं काय?

राळेगणसिद्धीच्या शिवारात चवळी पेरली की मूळ खाली जाणार, हे कुणी तपासत बसत नाही. ३० डिसेंबर २०२४ ला पीएसएलव्ही-सी६० बरोबर इस्रोने चवळीच्या आठ बिया कक्षेत पाठवल्या, चार दिवसांत त्या रुजल्या आणि आपण सगळे खूश झालो. मीसुद्धा. पण तुम्हाला संशोधनात यायचंय ना? मग टाळ्या वाजवून झाल्या की विचारा: यातून नेमकं सिद्ध काय झालं?

‘क्रॉप्स’ ही मुख्यतः उपकरणाची चाचणी होती. बंद पेटीत बी रुजवून पानांपर्यंत नेता येतं का? येतं. इथवर प्रयोग चोख. पण ‘सूक्ष्म गुरुत्वात मुळांच्या पेशी कशा वागतात’ याचा पुरावा म्हणून तो वापरू नका. ज्या पोएम-४ वर पेटी होती, तो टप्पा एप्रिल २०२५ मध्ये वातावरणात शिरून संपला. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायला मूळ परत आलंच नाही.

पेशींत बघायचं काय होतं? मूलटोपीच्या पेशींत स्टार्चचे जड कण असतात. ते तळाशी बसले की ऑक्झिन हे संप्रेरक खालच्या बाजूला जास्त जातं, तिथली वाढ मंदावते आणि मूळ खाली वळतं. कक्षेत कण तळाशी बसत नाहीत. पण तिथे आणखीही काही बदलतं: गरम हवा वर जात नाही, त्यामुळे मुळाभोवती ऑक्सिजन कमी पडू शकतो, शिवाय किरणोत्सार असतो. म्हणजे जमिनीवरच्या रोपाशी केलेली तुलना एकट्या गुरुत्वाबद्दल बोलत नाही.

यावर उपाय आहे. जपानी गटाने अंतराळ स्थानकात काकडीची रोपं वाढवली. काही सूक्ष्म गुरुत्वात, काही तिथेच फिरत्या सेंट्रिफ्यूजमध्ये, पृथ्वीइतक्या ओढीखाली. ओढ नसताना मुळं ओलाव्याकडे वळली. ओढ असताना ती ओढीच्या दिशेनेच गेली. कक्षा तीच, किरणोत्सार तोच, फरक फक्त ओढीचा. म्हणून हा निष्कर्ष टिकतो. अर्थात काकडीपुरताच, चवळीवर तो तसाच चिकटवू नका.

पाणलोटाच्या कामावर उभ्या राहिलेल्या गावात हा निष्कर्ष मला जास्त भिडतो. मुळाला ओल कळते, पण गुरुत्व ती जाणीव झाकून टाकतं. आमच्या कोरडवाहू पिकांतही असंच होत असेल का? हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

पुढचा पेपर उघडाल तेव्हा निष्कर्षाआधी कंट्रोल वाचा. तो कच्चा असेल, तर बाकीचं कितीही देखणं असू द्या, तुमच्या प्रस्तावाचा पाया त्यावर घालू नका.